बालगृहातल्या मुलांचे एसआयआर आणि आयसीपी: हे कागद नक्की कुणासाठी भरतो आपण?

तुम्ही पुण्यातच एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, फील्डवर्क एका बालगृहात चालू आहे, बालगृहातल्या मुलांच्या असेसमेंटच्या पद्धतींवर डिझर्टेशन करायचंय, तर एसआयआर (मुलाच्या घरची चौकशी करून लिहिलेला सामाजिक तपासणी अहवाल) आणि आयसीपी (मुलाची वैयक्तिक काळजी योजना) खरंच मुलांच्या उपयोगाचे असतात की नुसते कागद रंगवणं असतं, आणि इंग्लंडसारखी पद्धत इकडे आणली तर काही फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. मी या कामात 21 वर्षं आहे, आधी बालगृहात केसवर्कर, मग परिविक्षा अधिकारी, आता नवीन लोकांना ट्रेनिंग देते. थोडं लांबेल उत्तर, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सगळंच लिहिते. मुलांच्या गोष्टी येतील त्यात ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आधी आपला सांगाडा थोडक्यात, कारण इतर वाचणाऱ्यांना माहीत नसेल. जेजे अ‍ॅक्ट 2015 म्हणजे बाल न्याय कायद्याप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे आपण ज्याला सीडब्ल्यूसी म्हणतो तिथे उभं करायचं. समिती चौकशीचा आदेश देते, सामाजिक तपासणी अहवाल म्हणजे एसआयआर 15 दिवसांत यायला हवा, आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून 4 महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यायचा. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांमधे हा अहवाल फॉर्म 22 मधे लिहायचा आणि मूल संस्थेत राहिलं की त्याची वैयक्तिक काळजी योजना फॉर्म 7 मधे, तीच आपली आयसीपी. कागदावर ही पद्धत वाईट नाहीये, हे मी आधीच सांगते, कारण पूर्वी मुलं वर्षानुवर्षं संस्थेत पडून राहायची आणि का राहिलीत ते कुणालाच सांगता यायचं नाही, ते मी पाहिलंय.

आता एक केस. नऊ-दहा वर्षांचा मुलगा पुणे स्टेशनवर सापडला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, बीड जिल्ह्यातलं. समितीने बीडला पत्र पाठवून एसआयआर मागवला. तिकडचे कर्मचारी खरोखर गावात जाऊन आले, घराला कुलूप, शेजारी म्हणाले बाहेरगावी गेलेत, कधी येतील माहीत नाही. अहवाल आला: पालक आढळून आले नाहीत, शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार वडिलांना दारूचं व्यसन, घर कच्चं, आर्थिक परिस्थिती हलाखीची, सबब बालकास संस्थेत ठेवणे हिताचे राहील. सगळे रकाने भरलेले, मुदतीत आलेला, सही शिक्का बरोबर, कुणी त्यात चूक काढू शकलं नसतं.

महिना होऊन गेल्यावर तो मुलगा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींशी बोलता बोलता म्हणाला की आई कोपीत पाचट पेटवून भाकरी करते. कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची तात्पुरती झोपडी, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला. मावशी स्वतः ऊसतोडीच्या घरातल्या, त्यांनी लगेच मला येऊन सांगितलं की ताई ह्याचे आईबाप गावाला कशाला असतील, ते तोडीला आलेत, आणि हा आलाय दौंडकडून रेल्वेने. तिसऱ्या दिवशी आम्ही दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या तळावर होतो, म्हणजे जिथे तोडणी कामगार उतरतात तिथे. दोनशेच्या वर कोप्या, मुकादमाला विचारत विचारत पोचलो. आई फडातून आली तेव्हा अंगाला सगळी उसाची कुसळं, हातात कोयता तसाच. कोपीत एक पत्र्याची पेटी होती, ती उघडून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याचं आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि एक फोटो काढला आणि माझ्या हातात ठेवला, बोलली काहीच नाही. मग जरा वेळाने म्हणाली, पोराला हुडकायला जायचं म्हनलं तर मुकादम सोडंना, उचल घेतलेली हाय. उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी. पोलिसात गेली होती का विचारलं तर म्हणाली कुठल्या पोलिसात जायचं, गावच्या का हितल्या.

मुलगा आमच्याकडे पुण्यात, आई तिथून रेल्वेने दीड-दोन तासांवर, आणि आमच्या फाईलमधे लिहिलेलं पालक आढळून आले नाहीत. आता यात बीडच्या कर्मचाऱ्याचा दोष काढण्यात काही अर्थ नाही, त्याने फॉर्मने सांगितलं तेवढं केलं. दोष असा आहे की फॉर्म 22 ज्या कुटुंबाची कल्पना करून बसलाय त्या कुटुंबाला एक पत्ता असतो, एक घर असतं, शेजारी कायमचे असतात, आणि चौकशीला कुणी गेलं तर माणसं घरी असतात. वर्षातले पाच-सहा महिने कोयत्यावर असणारं कुटुंब, बांधकामाच्या साइटवरून साइटवर फिरणारं कुटुंब, स्टेशनच्या आसपास कागद-काच-पत्रा गोळा करणारी एकटी आई, ही माणसं त्या रकान्यांत बसतच नाहीत, आणि जे बसत नाही ते आपण काय म्हणून लिहितो? दुर्लक्ष, असमर्थ, बेपत्ता. तुमच्या अभ्यासात हा मुद्दा सगळ्यात आधी घ्या असं मी म्हणेन, की आपला फॉर्म गरिबी आणि दुर्लक्ष यात फरक करू शकतो का.

त्याच फॉर्ममधे मुलाच्या मित्रांबद्दल टिक करायचे पर्याय आहेत, सुशिक्षित, अशिक्षित, वयाने मोठे, व्यसनी, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे असे. कुटुंबात कुणावर गुन्हा आहे का ते विचारलंय. मुलाच्या सवयींच्या यादीत धूम्रपान, जुगार, भीक मागणं आहे. आणि ज्या कायद्याखाली हा फॉर्म निघालाय त्याच्याच कलम 3 मधे तत्त्वं दिलीत त्यात एक आहे की मुलाला कलंक लागेल अशी भाषा वापरायची नाही, दुसरं आहे की मुलाला नवी सुरुवात मिळाली पाहिजे, तिसरं आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. कलम 3 आणि फॉर्म 22 शेजारी शेजारी ठेवून वाचा, तुमच्या डिझर्टेशनचं एक अख्खं प्रकरण तिथेच मिळेल.

आता आयसीपीकडे येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. फॉर्म 7 मधे आरोग्य आणि पोषण, भावनिक आधार, शिक्षण, खेळ, नाती आणि जवळीक, स्वतंत्रपणे जगण्याची कौशल्यं असे चांगले विषय घेतलेत, प्रत्येकापुढे अडचण काय आणि काय करणार ते लिहायचं. विषयांची यादी कुणीतरी विचार करून केलेली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही कुठल्याही संस्थेतल्या वीस फायली काढा, अडचणीच्या रकान्यात मुलाचा काहीतरी दोष असतो आणि उपायाच्या रकान्यात समुपदेशन. अभ्यासात मागे, समुपदेशन. चिडतो, समुपदेशन. घरची आठवण काढून रडते, समुपदेशन.

एका संस्थेत आठ वर्षांची मुलगी होती, रात्री अंथरूण ओलं करायची. आयसीपीत लिहिलेलं, भावनिक असुरक्षितता, समुपदेशन सुरू. चार महिने समुपदेशन चाललं, समुपदेशक मॅडम मनापासून करत होत्या. मी भेटीला गेले होते तेव्हा तिथे मुक्काम पडला आणि रात्री उठले तर कॉरिडॉरमधे मिट्ट काळोख, संडास पलीकडच्या टोकाला, दिवा बंद, कारण लाईट बिल जास्त येतं म्हणून दहाला मेन स्विच बंद करायचा नियम होता. सकाळी मी तिला विचारलं रात्री उठायला भीती वाटते का, तर म्हणाली तिकडे कुत्रं येतं. शून्याचा बल्ब लावला आणि रात्रीच्या काळजीवाहक ताईंनी तिला अकरा वाजता एकदा उठवायचं ठरवलं, दोन आठवड्यांत प्रश्न संपला. प्रत्येक मुलाचं असं बल्बवर भागतं असं मी म्हणत नाहीये, काही मुलांच्या मनावर खरोखर खोल जखमा असतात आणि त्यांना तज्ज्ञ माणूसच लागतो. पण त्या फॉर्ममधे अंथरूण ओलं करणाऱ्या मुलीबद्दल लिहायला जागा होती, काळोख्या कॉरिडॉरबद्दल लिहायला नव्हती. मोजपट्टी सगळी मुलाला लावलेली, आपल्याला कुठेच नाही. मूल संस्थेत आलं म्हणजे त्याचे पालक आता आपण आहोत, मग पालकांचं असेसमेंट आईबापांपाशीच का थांबतं? माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे.

आणि म्हणूनच तुमच्या इंग्लंडच्या प्रश्नाचं उत्तर मला जरा सविस्तर द्यायचंय. तिकडे चिल्ड्रन अ‍ॅक्ट 1989 आला, त्यानंतर सरकारच्या ताब्यातल्या मुलांसाठी लुकिंग आफ्टर चिल्ड्रन नावाची पद्धत तयार झाली, 1991 मधे त्यामागचा विचार मांडला गेला आणि 1995 मधे फॉर्म सगळीकडे वापरायला दिले. सात अंगं होती: आरोग्य, शिक्षण, ओळख, कुटुंब आणि सामाजिक नाती, चारचौघांत वावरणं, भावनिक आणि वर्तनाचा विकास, स्वतःची काळजी घेण्याची कौशल्यं. वयाप्रमाणे वेगळ्या पुस्तिका, अगदी एक वर्षाच्या आतल्या बाळापासून पंधराच्या पुढच्यांपर्यंत. आणि यातली सगळ्यात मोलाची गोष्ट, जी लोक विसरतात, ती ही की मूळ विचार सरकारचं काम मोजायचा होता. जबाबदार आईबाप आपल्या मुलासाठी जे सहज करतात, दात दाखवून आणणं, शाळेच्या पालकसभेला जाणं, मित्राच्या घरी जाऊ देणं, ते सरकारी यंत्रणा या मुलासाठी करते का, नसेल करत तर कोण करणार, हे त्या पुस्तिकेत लिहायचं होतं. मला तो विचार आजही फार पटतो.

मग झालं काय, तर पुस्तिका जाड होत्या, अर्ध्यामुर्ध्या भरल्या जायच्या, मुलांना ती परीक्षा वाटायची, आणि तिकडच्या अभ्यासकांनीही टीका केली की यातलं चांगलं बालपण हे मध्यमवर्गीय घरातलं बालपण आहे आणि यंत्रणेच्या कामापेक्षा मुलावर पाळत ठेवणंच जास्त होतंय. 2000 मधे नवीन असेसमेंट फ्रेमवर्क आलं, त्याचा तो प्रसिद्ध त्रिकोण, एका बाजूला मुलाच्या विकासाच्या गरजा, दुसऱ्या बाजूला पालकांची क्षमता, तिसरीकडे कुटुंब आणि परिसर, तो तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. सोबत मुदती आल्या, प्राथमिक असेसमेंट 7 कामाच्या दिवसांत, सविस्तर 35 दिवसांत, मग सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आणि सोशल वर्करचा वेळ मुलाऐवजी स्क्रीनसमोर जायला लागला. शेवटी सरकारनेच प्राध्यापक एलीन मन्रो यांना आढावा घ्यायला सांगितलं, 2011 च्या त्यांच्या अहवालाचा सूर हा होता की यंत्रणा नियम पाळण्यात गुंतलीये आणि मूल बाजूला पडलंय, त्यानंतर 2013 पासून ते दोन टप्पे काढून एकच असेसमेंट आणि जास्तीत जास्त 45 कामाचे दिवस असं झालं. एक छोटी गोष्ट मला कायम लक्षात राहते, की लुक्ड आफ्टर चिल्ड म्हणजे सरकारी देखभालीतलं मूल, याचं संक्षिप्त रूप लॅक असं उच्चारलं जायचं, इंग्रजीत त्याचा अर्थ उणीव, आणि तिकडच्या मुलांना तो शब्द अजिबात आवडायचा नाही. आपल्याकडे मुलांना प्रवेशित म्हणतात. आमच्या एका मुलीने मला विचारलं होतं, ताई शाळेतल्या इतर मुलांना प्रवेशित का नाही म्हणत?

तर इंग्लंडचा फॉर्म आणून काही होणार नाही, तिकडेच त्याचं काय झालं ते वरती लिहिलंय. आणायचाच असेल तर तो मूळ प्रश्न आणा, यंत्रणेने या मुलासाठी पालक म्हणून काय केलं. तसंच ते 25 प्रश्नांचं एसडीक्यू, म्हणजे मुलाच्या भावना आणि वागण्याबद्दलची प्रश्नावली, बऱ्याच विद्यार्थ्यांना ते वापरायचं असतं कारण आकडा मिळतो. इंग्लंडमधे सरकारी देखभालीतल्या मुलांसाठी ते दरवर्षी त्यांच्या काळजीवाहकाकडून भरून घेतात. पण तिकडचं मूल बहुतेक करून फॉस्टर घरात, म्हणजे त्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या कुटुंबात असतं, तीच माणसं त्याला रोज बघतात. आपल्याकडे काळजीवाहक ताई कंत्राटी, मागच्या महिन्यात रुजू झालेल्या, चाळीस मुलं सांभाळणाऱ्या, त्यांना विचारलं हा मुलगा सहसा एकटा असतो का, तर त्या काय उत्तर देतील? भरून देतील, कारण मागितलंय. आकडा येईल पण तो कशाचा असेल ते तुम्हीच सांगा.

चाळीस मुलांवरून कामाच्या ओझ्याचा हिशोब करून ठेवते. आयसीपीचा प्रगती अहवाल पहिले 3 महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला एकदा लिहायचा असतो. म्हणजे एका मुलाचे पहिल्या वर्षात 6 आणि 9 मिळून 15 अहवाल. एका केसवर्करकडे 40 मुलं धरली तर 600. शिवाय समितीपुढे हजर करणं, शाळाप्रवेश, ससून रुग्णालयात नेणं, आधार कार्ड, भेटीला आलेल्या नातेवाईकांशी बोलणं. म्हणून अकरा अहवालांत ओळीने प्रगती समाधानकारक लिहिलेलं दिसलं की नवीन विद्यार्थी केसवर्करला नावं ठेवतात, तसं करू नका. अशा एका फाईलमधला मुलगा वर्षभर कुणाशी धड बोलत नव्हता, कारण त्याची मोठी बहीण मुलींच्या दुसऱ्या संस्थेत होती, दोघं एकाच शहरात असून भेट एकदाही झाली नव्हती, आणि नात्यांच्या रकान्यात लिहिलेलं होतं, मित्रांशी जुळवून घेतो. ज्या बाईंनी ते लिहिलं त्यांना मी ओळखते, कष्टाळू बाई आहेत, त्यांना बसून विचारायला वेळच नव्हता.

15 दिवसांच्या मुदतीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण म्हणतात ही मुदत काढा, घाईत अहवाल कच्चा होतो. मी काढू नका म्हणते, कारण मुदत नसेल तर मूल अडकून पडतं. पण 15 दिवसांत आलेल्या अहवालाला पहिला अहवाल समजावं, शेवटचा नाही. वरच्या मुलाच्या बाबतीत दीड महिन्यानंतर खरं काय ते कळलं, तर फाईलमधे आधीचं वाक्य दुरुस्त करायला सोय हवी, नाहीतर ते पालक आढळून आले नाहीत पुढच्या प्रत्येक कागदावर कॉपी होत जातं. तसं झालेलं मी स्वतः बघितलंय, आई दर रविवारी भेटायला येतेय आणि फाईलमधे ती नाहीच.

याची दुसरी बाजू अठरा वर्षांनंतर दिसते. महाराष्ट्रात 2018 मधे अनाथ मुलांसाठी 1 टक्का समांतर आरक्षण आलं, त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळतं की नाही हे लहानपणीच्या फाईलमधे काय लिहिलंय त्यावर ठरतं. एक मुलगा तेविसाव्या वर्षी परत आला होता, नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता. त्याच्या फाईलमधे प्रवेशाच्या दिवशीचा एक कागद, त्यावर बेवारस, अंदाजे वय 4, आणि जातीपुढे काहीतरी लिहून खोडलेलं. आणणाऱ्या पोलिसाचं नाव वाचता येत नाही, कपड्यांचं वर्णन नाही, कुठली भाषा बोलत होता ते नाही. तो ते पान अर्धा तास हातात धरून बसला होता. मला म्हणाला, ताई मी तेव्हा रडत होतो का हसत होतो एवढं तरी कुणी लिहायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून मी ट्रेनिंगमधे सांगते की पहिल्या दिवसाचा कागद समितीसाठी लिहू नका, या मुलाने वीस वर्षांनी वाचायचाय असं समजून लिहा, त्याने सांगितलेले शब्द त्याच्याच बोलीत लिहा, खिशात काय होतं ते लिहा.

काय करता येतं तेही सांगते, नुसती टीका करून उपयोग नाही. आमच्याकडे आम्ही फॉर्म 7 ला एक जास्तीचं पान जोडतो. त्यावर प्रत्येक ठरवलेल्या गोष्टीपुढे कोण करणार, कधीपर्यंत, आणि पुढच्या वेळी झालं की नाही, नसेल तर आमच्याकडून का नाही, एवढंच. पहिले काही महिने सगळ्यांना ते पान टोचलं, मलाही टोचलं, कारण नाही झालं असं लिहायला लागतं. दुसरं, तीन महिन्यांतून एकदा योजना मुलाला वाचून दाखवायची आणि त्याला चूक वाटतं ते त्याच्यासमोर बदलायचं. कायद्याच्या कलम 37 मधेच समज असलेल्या मुलाची इच्छा लक्षात घ्यायला सांगितलंय, आणि भारताने 1992 मधे मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद 25 मधे संस्थेत ठेवलेल्या मुलाचा ठराविक काळाने आढावा घ्यायचा हक्कच दिलाय, म्हणजे हे आपण काही उपकार म्हणून करत नाही. तिसरं, संस्थेची शिफारस लिहिण्याआधी एसआयआरमधे लिहायचं की बालसंगोपन योजना किंवा स्पॉन्सरशिप, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून मिळणारी सरकारी मदत, का चालणार नाही. बालसंगोपनचे महिना 2250 आणि मिशन वात्सल्यखालच्या स्पॉन्सरशिपचे 4000 रुपये फार नाहीत, वेळेवर मिळत नाहीत ही तक्रार पण खरी आहे, पण घरकाम करणाऱ्या एकट्या आईला तेवढ्यात मूल जवळ ठेवता येत असेल तर हलाखीची परिस्थिती हे संस्थेत टाकायचं कारण राहत नाही.

डिझर्टेशनबद्दल शेवटी. फॉर्ममधल्या रकान्यांची नुसती समीक्षा करू नका, ती पुण्यात बसून कुणीही करेल. दहाच फायली घ्या पण पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत वाचा आणि प्रत्येक ठिकाणी बघा की या असेसमेंटमुळे एखादा निर्णय बदलला का. मुलांशी बोलाल तेव्हा तुझी फाईल कशी वाटते असं विचारू नका, त्यांनी ती पाहिलेलीच नसते, तुझ्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं होतं असं विचारा. कलम 74 लक्षात ठेवा, मुलाची ओळख उघड होईल असं काहीही लिहायचं नाही, फाईलचे फोटो मोबाईलमधे काढायचे नाहीत, आणि परवानगीचा अर्ज आजच टाका, समिती आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालय दोन्हीकडे, त्याला वेळ लागतो. गृहभेटी करणार असाल तर गळीत हंगाम चालू असताना करा, गावात घरांना कुलपं असतील पण दौंड-इंदापूरकडच्या तळांवर संध्याकाळी सातनंतर माणसं भेटतात, त्याआधी फडातून परत आलेली नसतात.